हेडफोनची गादी बदलताना

पहिल्यांदा लक्षात येतं ते आरशासमोर. कानाच्या पाळीवर, मानेवर, एखाद्या दिवशी पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर काळे बारीक कण दिसतात. झटकले तर पसरतात, पुसले तर चिकटतात. मग हेडफोन हातात घेऊन पाहावं, तर कानाला टेकणाऱ्या गादीचे पोपडे निघालेले असतात आणि खालचं कापड उघडं पडलेलं असतं. या टप्प्यावर बहुतेक घरांत एकच निर्णय होतो: जुना झाला, नवा घ्या. माझं सांगणं असं, की आठवडाभर थांबा. आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा पडदा, बहुतेक वेळा ठणठणीत असतो. संपलेली असते ती गादी, आणि ती तीन-चारशे रुपयांपासून मिळते.

गादी निवडताना मात्र लोक तिला उशीचा अभ्रा समजतात. रंग जुळला, आकार साधारण बसला की झालं. इथेच पैसे वाया जातात. हेडफोन बनवणारा इंजिनिअर ड्रायव्हर आणि गादी दोन्ही धरून आवाज जुळवतो. गादी बदलली की त्या जुळणीचा एक पाय हलतो. कधी आवाज सुधारतो, पुष्कळदा बिघडतो, आणि पहिल्यासारखा राहणं तर सगळ्यात दुर्मीळ.

मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती लिहून काढणं हे माझं काम. दिवसाचे सहा तास हेडफोन डोक्यावर असतो. ठाण्यात राहून गेल्या नऊ वर्षांत एकाच वायरच्या हेडफोनला मी चार जोड गाद्या लावल्या. त्यांतल्या दोन चुकल्या. पुढचं सगळं त्या चुकांतून आणि नंतर केलेल्या चौकशीतून आलेलं आहे.

पोपडे का निघतात

गादीवरचं काळं आवरण शंभरात नव्वद वेळा चामडं नसतं. विणलेल्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. दुकानात त्याला पीयू लेदर, लेदरेट, कधी प्रोटीन लेदर म्हणतात. प्रोटीन लेदर हे नाव ऐकून प्राण्याचं कातडं डोळ्यांसमोर येतं, पण तेही कृत्रिमच असतं. या थराचा शत्रू म्हणजे ओल. हवेतली वाफ आणि घाम यांतलं पाणी पॉलियुरेथेनच्या साखळ्या हळूहळू तोडतं, उष्णता तो वेग वाढवते आणि केसांचं तेल, क्रीम यांचा त्यात हातभार लागतो. थर आधी चिकट होतो, मग त्याला भेगा पडतात, मग पोपडे निघतात. माझी गादी ठाण्यात दोन पावसाळे काढते. भावाकडे नागपूरला तशीच गादी चौथ्या वर्षात आहे.

यातून खरेदीची एक गोष्ट निघते, जी मला उशिरा कळली. ही झीज वापरली नाही तरी होते. कपाटात बंद पुडीत ठेवलेली गादीही दमट हवेत जुनी होतच राहते. म्हणून स्वस्त मिळताहेत म्हणून दोन जोड घेऊन ठेवू नका. दुकानातून घेत असाल तर पुडीवरचा उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना बघा आणि आवरण बोटांनी हलकेच दुमडून पाहा. बोटाला चिकटलं किंवा घडीवर बारीक रेघा उमटल्या, तर तो जुना माल आहे. ठेवून द्या.

डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याची जवारी

गादीने आवाजात काय होतं हे वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं. बंद कपांचा हेडफोन घ्या, तबल्याचं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण लावा आणि डग्ग्याकडे कान द्या. आता एका बाजूची गादी जबड्यापाशी बोटाने जेमतेम पेन्सिलीएवढी उचला. घुमारा क्षणात नाहीसा होतो. उरतो तो फक्त थापेचा कोरडा आवाज. बोट काढलं की घुमारा परत.

कारण साधं आहे. गादी कानाभोवती एक छोटी बंद खोली तयार करते. खालचे सूर म्हणजे त्या खोलीतल्या हवेवर संथपणे पडणारा आणि सुटणारा दाब. फट असली की हवा दाबली जाण्याऐवजी निसटते आणि सूर जितका खालचा, तितका जास्त निसटतो. पोपडे निघालेली, एका बाजूने बसकी झालेली किंवा सैल शिवणीची गादी नेमकं हेच करते, फक्त रोज थोडं थोडं. म्हणून ते लक्षात येत नाही. हेडफोन जुना झाल्यावर बेस गेला असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी गादी तपासावी.

दुसरी गोष्ट अंतराची. नवी गादी ड्रायव्हरला कानापासून विशिष्ट अंतरावर धरून ठेवते. फोम दबला की ते अंतर काही मिलिमीटरने घटतं. इतक्या छोट्या पोकळीत काही मिलिमीटर पुष्कळ असतात. गाण्यातले शब्द, तंबोऱ्याची जवारी, बासरीतली फुंकर या सगळ्यांचा पट्टा साधारण दोन ते दहा हजार हर्ट्झच्या दरम्यान येतो. या पट्ट्यात लहरींची लांबी काही सेंटिमीटरच असते. अंतर, कोन, गादीच्या आतल्या भिंतीचं कापड, सगळ्याचा तिथे परिणाम होतो. जाड गादी लावली की आवाज बहुधा थोडा मागे सरकतो आणि मोकळा वाटतो. काही हेडफोनांत गायकाचा आवाजही त्याबरोबर मागे जातो. बसक्या गादीत आवाज अंगावर येतो आणि कानाची पाळी आतल्या जाळीला घासते, ते वेगळंच.

तिसरी गोष्ट आवरणाची. गुळगुळीत पीयू किंवा चामडं हवा अडवतं आणि आतले आवाज परतवतं. त्यामुळे बेस टिकतो, बाहेरचा गोंगाट कमी येतो, पण वरचे सूर कधीकधी टोचरे होतात. मखमलीसारखं व्हेलूर हवा झिरपू देतं आणि वरचे सूर थोडे शोषतं. त्वचेला ते सुखाचं, घाम कमी, पण बंद कपाच्या हेडफोनला लावलं तर बेस उतरतो आणि शेजारच्याला तुमचं गाणं ऐकू जातं. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोला कंपनीच राखाडी व्हेलूर गाद्या देते, पण तिथे आतली जुळणी व्हेलूर धरूनच केलेली आहे. ते बघून दुसऱ्या कुठल्या बंद हेडफोनला व्हेलूर लावायचं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावण्यासारखं.

माझी पहिली चूक हीच होती. एप्रिलचा उकाडा, कानांची चिकचिक, म्हणून व्हेलूरची जोडी घेतली. कानांना खरंच बरं वाटलं. पण वयस्कर माणसांचे खोल, संथ आवाज पातळ ऐकू येऊ लागले, पंख्याचा आवाज आत येऊ लागला, आणि शब्द पकडायला मी नकळत आवाज वाढवत गेलो. दोन आठवड्यांनी कान दुखायला लागल्यावर कारण कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आहे आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल. गळकी गादी माणसाला या मर्यादेबाहेर ढकलते. लोकलमध्ये ऐकणाऱ्यांना तर ती फार लवकर ढकलते.

मधला मार्ग म्हणून मिश्र गाद्या निघाल्या आहेत: कानाला टेकणारा भाग कापडी, आतली-बाहेरची भिंत चामड्याची. बारीक छिद्रांच्या चामड्याच्याही मिळतात. उन्हाळ्यासाठी या बऱ्या, पण छिद्रं जितकी जास्त तितका बेस कमी, हे लक्षात ठेवून घ्या.

कान मोजा

आरामाची तक्रार आली की लोक फोमची जाडी बघतात. मी म्हणेन आधी गादीचं आतलं भोक मोजा. मोठ्या माणसाचा कान साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर उंच असतो, आणि वयाबरोबर तो लांबतो. १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका छोट्या पाहणीत ही वाढ वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर भरली होती. पट्टी घ्या, घरातल्या कुणाकडून कानाची उंची, रुंदी आणि डोक्यापासून तो किती बाहेर येतो हे मोजून घ्या. गादीच्या भोकाची लांबी-रुंदी त्याहून थोडी जास्त हवी, आणि खोली कानाच्या बाहेर येण्यापेक्षा जास्त. विक्रेते बहुतेक वेळा बाहेरचं माप देतात, ज्याचा कानाशी काही संबंध नाही. आतलं माप दिलेलं नसेल तर विचारा. उत्तर आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

जाड गादीचा आणखी एक परिणाम कुणी सांगत नाही. प्रत्येक बाजूला पाच मिलिमीटर वाढले की डोक्यावरची पट्टी एक सेंटिमीटर जास्त ताणली जाते आणि दाब वाढतो. ज्यांचं डोकं मोठं आहे त्यांना जाड, मऊ गादी पहिल्या दहा मिनिटांत स्वर्गसुख वाटते आणि दोन तासांत जबडा दुखवते. हेडफोन मुळात जड असला तर हे आणखी जाणवतं. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स २८५ ग्रॅमचा आहे, सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ २५४ ग्रॅमचा, तर ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स जवळजवळ ३८५ ग्रॅमचा. जड हेडफोनचं ओझं टाळूवर येतं; गादी कितीही मऊ घेतली तरी ते ओझं हलत नाही. तिथे डोक्यावरच्या पट्टीचं वेगळं कुशन मिळतं, दोन-तीनशे रुपयांत, त्याचा खरा उपयोग होतो.

चष्मा लावणाऱ्यांनी गादीवर सर्वांत जास्त पैसे खर्च करावेत असं मला वाटतं. चष्म्याची दांडी गादी आणि डोकं यांच्यामध्ये येते, मागे-पुढे एक त्रिकोणी फट राहते आणि घुमारा तिथून निसटतो. कडक फोम दांडीला कानामागच्या हाडावर दाबतो. हळू उसळणारा मेमरी फोम आणि त्यावर मेंढीचं पातळ चामडं, अशी गादी दांडीभोवती खळगा करून बसते. पीयूचं जाड आवरण असलेली गादी, आत मेमरी फोम असला तरी, तशी वळत नाही. बारीक धातूच्या दांडीचा चष्मा असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. जाड प्लॅस्टिकच्या फ्रेमला कोणतीही गादी पुरी पडत नाही.

मेमरी फोम थंडीत कडक होतो. डिसेंबरच्या सकाळी गादी दगडासारखी लागली तर ती खराब नाही. पाच मिनिटं डोक्यावर राहू द्या.

किती खर्च येतो

गेल्या काही महिन्यांत ऑनलाइन आणि बाजारात फिरून जे भाव दिसले ते सांगतो. महिन्याला इकडेतिकडे होतील, पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

सर्वांत खाली फोमच्या टोप्या. कॉल सेंटरच्या हेडसेटला किंवा कॉस पोर्टा प्रोसारख्या कानावर टेकणाऱ्या हलक्या हेडफोनला लागतात त्या. जोडी पन्नास ते दोनशे रुपये. इथे फार विचार करायचं कारण नाही, फक्त व्यास मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. एकाच हेडसेटवर पाळीपाळीने काम होत असेल तर प्रत्येकाने स्वतःची टोपी ठेवावी.

त्यानंतरचा मोठा बाजार तीनशे ते नऊशे रुपयांचा. पीयू आवरण, आत साधा किंवा मेमरी फोम, आणि नावात अमुक मॉडेलसाठी असं लिहिलेलं. लोकप्रिय हेडफोन असेल तर इथे डझनभर पर्याय दिसतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाल तर बहुधा हाच माल मिळेल. हेडफोन सोबत न्या आणि दुकानातच बसवून पाहा, कारण मॉडेलच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी खाच बदलते. बसवून देण्याचे शंभर-दीडशे रुपये वेगळे घेतात. ते काम घरी होण्यासारखं आहे.

बाराशे ते तीन हजारांच्या दरम्यान नुसत्या गाद्याच बनवणाऱ्या कंपन्यांचा चांगला माल येतो: दाट फोम, मेंढीचं चामडं, मिश्र कापड, तिरक्या कापाच्या गाद्या. परदेशी नावाजलेल्या गाद्या चार-सहा हजारांपर्यंत जातात. बाहेरून स्वतः मागवल्या तर सीमाशुल्क आणि कुरिअरचा खर्च मिळून किंमत पाहता पाहता दीडपट होते. हे पैसे ऑर्डर करण्याआधी जमेस धरा.

उरल्या कंपनीच्या अस्सल गाद्या. वायरच्या स्टुडिओ हेडफोनांच्या गाद्या साधारण दीड-दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत. एअरपॉड्स मॅक्सच्या अस्सल कुशनची जोडी अमेरिकेत ६९ डॉलरना आहे. भाव ऐकून धक्का बसतो खरा, पण हेडफोन कोणता आहे ते पाहून ठरवावं. सेनहायझरचा एचडी ६०० १९९७ पासून आणि सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून बाजारात आहे. इतक्या वर्षांनीही त्यांच्या गाद्या मिळतात, म्हणून तर लोक ते वीस-वीस वर्षं वापरतात. असा हेडफोन ज्याच्याकडे आहे, त्याने एकदा तरी अस्सल गादी लावावी. मूळ आवाज काय होता हे तरी कळेल.

माझा हिशेब सांगतो. दहा हजारांवरचा हेडफोन, नऊ वर्षांत चार जोड, एकूण खर्च सहा हजारांच्या आत. त्यातले दोन हजार चुकीच्या गाद्यांवर गेले. तरीही वर्षाला सातशेच्या आसपास पडले.

कधी बदलू नये, तेही सांगितलं पाहिजे. हजार-पंधराशेचा ब्लूटूथ हेडफोन असेल आणि बॅटरी तासाभरात मान टाकत असेल, तर गादीवर चारशे रुपये घालू नका. आधी बॅटरी, मग बिजागरी, मग गादी, या क्रमाने तपासा. गादी आतल्या कपाला डिंकाने चिकटवलेली असेल आणि मॉडेल अनोळखी नावाचं असेल, तर तिथे जुळणारी गादी शोधण्यात जाणारा वेळ हेडफोनपेक्षा महाग पडतो.

गोंगाट कापणाऱ्या हेडफोनांचं वेगळं

नॉइज कॅन्सलिंग हेडफोनांबाबत मी जास्त सावध राहायला सांगेन. त्यांच्या कपात आतल्या बाजूलाही माइक असतो. तो आत आलेला गोंगाट ऐकतो आणि यंत्रणा त्याच्या उलट लहर सोडते. हे काम मुख्यतः खालच्या सुरांवर चालतं: विमानाची घरघर, एसी, गाडीच्या इंजिनाचा गुरगुराट. वरचे आवाज, म्हणजे डब्यातल्या गप्पा, भांड्यांचा खणखणाट, अडवायचे ते गादीनेच. गादी गळकी असेल तर दोन्ही बाजू लंगड्या पडतात. यंत्रणेचा सगळा हिशेब ठरावीक गादीवर बसवलेला असतो, म्हणून परक्या गादीत कधी कानावर विचित्र दाब जाणवतो, कधी चालताना धडधड ऐकू येते.

डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ चं उदाहरण घेऊ. २०२० मध्ये भारतात तो २९,९९० रुपयांना आला. त्याच्या डाव्या कपात एक सेन्सर आहे. हेडफोन कानावरून काढला की गाणं आपोआप थांबतं ते त्यामुळे. स्वस्त गादीच्या आतल्या जाळीने हा सेन्सर झाकला तर हेडफोनला कळतच नाही की तो डोक्यावर आहे की टेबलावर. घेण्याआधी फोटोत डावी-उजवी जाळी वेगवेगळी आहे का, सेन्सरसाठी जागा सोडली आहे का, हे बघा. गादी बदलल्यावर कंपनीच्या ॲपमध्ये नॉइज कॅन्सलिंग पुन्हा जुळवून घेण्याची सोय असेल तर ती एकदा चालवा. तीस हजारांच्या हेडफोनला साडेतीनशेची गादी लावून, मग कॅन्सलिंग बिघडलं म्हणून सर्व्हिस सेंटरला जाणं, हे मी दोघांच्या बाबतीत पाहिलं आहे. गादी झिजणारी वस्तू धरतात, त्यामुळे ती बहुधा वॉरंटीत बसत नाही. आणि ओढताना कपाचा क्लिप तुटला तर तेही तुमच्याच खर्चाने.

बसवताना

बसवण्याचे प्रकार चार-पाचच आहेत. एम५०एक्स, एमडीआर-७५०६, डीटी ७७० यांत गादीमागे एक पातळ ओठ असतो, तो कपाच्या खाचेत सरकवायचा. एकेजी के७०२ ची गादी फिरवून निघते. एचडी ६०० ची क्लिपांवर बसते. एअरपॉड्स मॅक्सची चुंबकाने धरलेली असते. स्वस्त हेडफोनांत डिंक.

ओठ बसवताना घाई केली की तो फाटतो. खालच्या बाजूने एक बोटभर ओठ खाचेत अडकवा, अंगठ्याने दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने उरलेली गादी ताणत कडेने फिरवा. शेवटचा भाग जात नसेल तर जुन्या एटीएम कार्डाची कड वापरा. स्क्रूड्रायव्हर नको, तो सटकला तर थेट ड्रायव्हरच्या पडद्यात जातो. जुनी गादी काढल्यावर आत पातळ फोमची चकती किंवा फेल्ट दिसेल. कचरा समजून ती फेकू नका, तीही आवाजाच्या जुळणीचा भाग असते. जुन्या गादीचे काळे कण जाळीवर पडले असतील तर फुंकर मारू नका. हेडफोन उलटा धरून मऊ ब्रशने झाडा.

आता माझी दुसरी चूक. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ३९९ रुपयांना गाद्या घेतल्या. बसल्या छान, पण तीन दिवस सगळं बोलणं किंचित डावीकडून येतंय असं वाटत राहिलं. कानाचा दोष असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. शेवटी मोजपट्टी लावली तर एक गादी दुसरीपेक्षा तीन मिलिमीटर जाड निघाली. तोवर परत करायची मुदत संपली होती. तेव्हापासून नवी जोडी आली की पहिल्याच दिवशी फोनच्या सुलभता सेटिंगमधला मोनो पर्याय चालू करतो आणि एका माणसाचं बोलणं ऐकतो. आवाज कपाळाच्या मधोमध आला पाहिजे. एका बाजूला कलला तर हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐका. कल दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष गादीत किंवा हेडफोनात आहे, तिथेच राहिला तर कानात किंवा गादी टेकण्यात. मग डग्गा लावून बोटाची परीक्षा. दहा मिनिटांचं काम आहे.

नवी गादी पहिले काही दिवस ताठ असते आणि हळूहळू डोक्याचा आकार घेते, त्यामुळे आवाजही थोडा बदलतो. पण परत करण्याची मुदत सात-दहा दिवसांचीच असते. म्हणून फट, जाडी, शिवण, मोनो हे पहिल्या दोन दिवसांत तपासा. आवाज आवडला की नाही हे ठरवायला पाच-सहा दिवस घ्या. वरचे सूर थोडे टोचले किंवा बेस किंचित कमी वाटला तर ॲपमधल्या इक्वलायझरने भागतं. फटीतून गेलेला बेस मात्र इक्वलायझरने परत येत नाही. हेडफोन डोक्यावर प्रत्येक वेळी वेगळा बसतो आणि गळतीही वेगळी होते.

बिल घ्याच. 'अमुक कंपनीसाठी' आणि 'अमुक कंपनीची' या दोन शब्दांत फरक आहे, आणि विक्रेते पहिलं लिहून दुसरं भासवतात. पुडीवर किरकोळ विक्रीची कमाल किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापलेला असायला हवा. ऑनलाइन विक्रीत मूळ देश पानावरही दाखवणं बंधनकारक आहे. अस्सल म्हणून विकून नक्कल पाठवली तर आधी ॲपवर फोटोसह तक्रार करा, दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका.

निगा साधी आहे. काम झालं की सुती कोरड्या कापडाने गादी पुसा. सॅनिटायझर, स्पिरिट लावू नका. आंघोळीनंतर केस वाळल्याशिवाय, डोक्याला तेल लावून लगेच हेडफोन घालू नका. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवण्यापेक्षा उघड्यावर टांगलेला बरा. व्हेलूर कपातून काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतं, पण आतला फोम दोन-दोन दिवस वाळत नाही. जुलैत हा उद्योग नको.

सध्याची माझी जोडी मेंढीच्या चामड्याची आहे, साडेअठराशेची. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये मुद्दाम घेतली, म्हणजे पहिले आठ महिने तरी कोरडे मिळतील. बसवण्याआधी दोन्ही गाद्यांच्या आतल्या ओठावर मार्करने तारीख लिहून ठेवली आहे.